झिपरूला सुट्टी नाही

मोबाइलवरचा एक गेम निवडायला आम्हाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात लोकांची लग्नं ठरतात, पत्रिका छापून होतात, हळदी लागतात. आणि एवढं करून हातात काय पडलं, तर एक मेसेज, की तुम्ही माणूस नाही. थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईचं डोकं फिरलंय. फिरलंच आहे म्हणा, पण कारण ऐका.

मी मनीषा. माहेर शिरपूरकडचं, सासर अमळनेरजवळचं, आणि राहणं इथे सिल्वासात, टोकरखाड्याला एका खोलीत. मी रांधा गावी प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या कंपनीत पॅकिंगला आहे. नवरा वाल्मिक, सायली गावी सुताच्या कंपनीत मशीनवर. गावी असले की मी त्याला अहो म्हणते, इथे अरे म्हणते, आणि चिडले की काय म्हणते ते सांगण्यासारखं नाही. माझी पाळी दिवसाची, आठ ते आठ. त्याची रात्रीची, साडेआठ ते साडेआठ. मी निघते तेव्हा तो मशीनवर, मी परत येते तेव्हाही तो मशीनवर. घरात गादी एकच आहे आणि ती कधी थंड होत नाही.

रात्रपाळी त्यानेच मागून घेतली होती, चार पैसे जास्त मिळतात म्हणून. आता दिवाळीपासून दिवसपाळी मागतोय तर सुपरवायझर म्हणतो, "रिलीव्हर मिलेगा तो देखेंगे." रिलीव्हर म्हणजे आपल्या जागी येऊन मशीन ताब्यात घेणारा माणूस. तो येऊन "चार्ज दे" म्हणाल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा तिथला नियम. वाल्मिकला रोज सकाळी रिलीव्हर मिळतो, पण रात्रीतून सोडवणारा मिळत नाही. सुट्टीचं म्हणाल तर त्याची गुरुवारी आणि माझी रविवारी. गुरुवारची रात्र तेवढी दोघं एका छताखाली असतो. पण मी बारा तास उभी राहून आलेली असते, धुणं पडलेलं असतं, आठवड्याचा बाजार आणायचा असतो. त्यात कोण कोणाशी काय बोलणार.

लग्नानंतर पहिलं वर्ष दोघांचा रविवार एकच होता. तेव्हा दमणगंगेच्या काठावर जायचो. करायचो काहीच नाही, नुसते चालायचो. त्याला हळू चालता येत नाही, तो पुढे निघून जायचा आणि मी मागून ओरडायची, अरे थांब. मग तो थांबायचा. मला तेवढंच परत हवं होतं. साड्या मागितल्या नव्हत्या, सोनं मागितलं नव्हतं.

फोन करायचा ना, असं शीतल म्हणते. शीतल माझ्या शेजारी पॅकिंगला असते आणि आम्ही एकाच इको व्हॅनमधून जातो. कधी करायचा फोन? दोन्ही कंपन्यांत गेटवर फोन जमा करून घेतात. रात्री आठ ते साडेआठ, एवढाच अर्धा तास दोघांच्या हातात फोन असतो. तेव्हा तो बसमध्ये पन्नास माणसांत असतो आणि मी इकोत आठ बायकांत. त्यांचे कान माझ्या फोनला चिकटलेले. एकदा "जेवलास का" विचारलं तर महिनाभर सगळ्याजणी मला "जेवलास का" म्हणून हाक मारत होत्या, शीतल सगळ्यांत पुढे.

व्हॉट्सअ‍ॅप होतंच. पण त्यावर आमचं बोलणं काय असायचं, तर गॅस संपत आलाय, कोथिंबीर आण, मोटर लावली होती का. एकदा मी अगदी वैतागून लिहिलं, तुला माझी आठवण येते का. त्याचं उत्तर आलं, हो, आणि डाळ पण संपली.

गेमचं डोक्यात भरवलं पप्पूने. हा वाल्मिकच्या शेजारच्या मशीनवर असतो. त्याने सांगितलं की असे गेम असतात ज्यात आपण एक माणूस व्हायचं, दुसऱ्याने दुसरा माणूस व्हायचं, आणि दोघांनी त्याच जगात हिंडायचं. काम करा, कमवा, घर बांधा, काय वाटेल ते. गुरुवारी भाजी निवडताना वाल्मिक मला म्हणाला, "तू तुझ्या इकोत बसून चाल, मी बसमध्ये बसून चालतो. तिथे सोबत असू."

मी म्हटलं, "तुझं वय काय, तू बोलतोस काय." पण रात्री पडल्या पडल्या विचार केला, यात वाईट काय आहे. आठ बायकांना कळणारही नाही.

मग सुरू झाली निवड. आमच्या अटी साध्या होत्या. अर्ध्या तासात उघडून बंद करता आला पाहिजे, माझ्या म्हाताऱ्या फोनमध्ये मावला पाहिजे, आणि एक रुपया घालायचा नाही. पप्पू म्हणाला, वहिनी, असा गेम नसतो. मी म्हटलं, तू बघत राहा.

पहिला गेम एवढा मोठा होता की जागा करायला वाल्मिकने माझ्या फोनमधला हळदीचा व्हिडिओ उडवला. विचारलं तर म्हणतो, लग्नाचा ठेवलाय ना. अर्धा गेम उतरला आणि दिवसाचा डेटा संपला. दुसऱ्या दिवशी उरलेला उतरला, तर उघडल्या उघडल्या फोन बंद पडला आणि तव्यासारखा तापला. तो गेम गेला, हळदही गेली.

दुसऱ्यात लढाया होत्या. लढाई सुरू झाली की मधे सोडता येत नाही. माझी इको गेटवर पोचली, वॉचमन फोनसाठी ट्रे पुढे करून उभा, आणि मी त्याला म्हणतेय, भैया दोन मिनिट, राक्षस मरतोच आहे. भैयाने फोन काढून घेतला. मी मधेच गेल्यामुळे आमची सगळी टोळी मेली. रात्री फोन हातात आला तेव्हा कुठकुठल्या लोकांनी मला चार भाषांत शिव्या घालून ठेवल्या होत्या. त्यातल्या दोन मला कळल्या.

तिसरा दिसायला फार देखणा. डोंगर, धबधबे, झुलते पूल. पण पैसे भरल्याशिवाय पायात चप्पलसुद्धा मिळत नव्हती. पैसे भरलेला एक घोडेवाला रोज त्याच पुलावर उभा असायचा आणि आम्ही दिसलो की मारायचा. चार दिवस आम्ही तो पूल ओलांडू शकलो नाही. वाल्मिक म्हणाला, इथेही टोलनाकाच आहे. चौथा पप्पूच्या मते सगळ्यात चांगला, फक्त रोज दोन तास द्यावे लागतात. रोज दोन तास असते तर मी गेम कशाला खेळले असते?

माझा जीव मेटाकुटीला आला. झोपेचा वेळ जात होता आणि सोबत चालणं बाजूलाच राहिलं होतं. मी वाल्मिकला लिहिलं, पुरे झालं, आपल्यासाठी गेम बनतच नाहीत, ज्यांना बसायला वेळ आहे त्यांच्यासाठी बनतात. त्याने त्यावर काहीच लिहिलं नाही, आणि तो गप्प बसला की समजायचं, काहीतरी शोधतोय.

शोधून आणला तो नदीचा गेम. जुना, दिसायला भिकार, माणसं ठोकळ्यांची. एक लांबच लांब नदी, तिच्यावर घाट, काठाने गावं. मासे धरायचे, दोर वळायचे, ते पुढच्या गावाला विकायचे. मारामारी नाही. फोन तापला नाही. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे, आपण आपला माणूस जिथे सोडून जाऊ तिथेच तो बसून राहायचा. मला एकदम पसंत पडला.

आता यातही खोट होतीच, आमच्या नशिबात सरळ काही नाही. नवीन माणूस आत घ्यायचा तर वर्षाचा पास एकदम भरायचा. तेवढ्यात आमचा महिन्याचा किराणा येतो. पप्पूचं एक जुनं खातं पडून होतं ते त्याने आम्हाला देऊन टाकलं. म्हणजे माणूस मिळाला एक, आणि आम्ही दोघं.

त्याचं नाव एकदा बदलून मिळत होतं. वाल्मिक टाकलं, कोणीतरी घेतलेलं. मनीषा घेतलेलं. दोघांची नावं जोडून टाकली, तीही घेतलेली, काय सांगणार. शेवटी वाल्मिकने त्याच्या आजोबांचं नाव टाकलं, झिपरू. ते कोणीच घेतलेलं नव्हतं.

तर महिनाभर आम्ही दोघांनी एकच झिपरू चालवला. संध्याकाळी वाल्मिक बसमध्ये त्याला नेऊन कुठेतरी बसवायचा. कधी घाटाच्या पायरीवर, कधी लिंबाच्या झाडाखाली. गेटवर फोन देण्याआधी तो बाहेर पडायचा, एका वेळी एकाच फोनवर गेम उघडायचा म्हणून मग मी आत शिरायची, आणि बघायची आज कुठे बसवलाय. झोळीत कधी एखादा मासा ठेवलेला असायचा. मी सकाळी त्याला पुलापर्यंत नेऊन नदीकडे तोंड करून उभा करायची. एकदा मी रागाने त्याला चिखलात उभा करून गेले, तर संध्याकाळी त्याचे पाय धुतलेले होते. डाळीचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर चालू होतंच, पण हे वेगळं होतं.

तरी माझं समाधान होईना. तो गेला की मी, मी गेले की तो. गादीचं तेच, झिपरूचंही तेच. एकाच माणसात राहून आम्ही एकदाही एकमेकांना दिसलो नव्हतो.

अशात गेममध्ये जत्रा लागली. रविवार ते रविवार जो सगळ्यात जास्त दोर वळेल त्याला एक जोडीदार फुकट. म्हणजे त्याच खात्यावर दुसरा माणूस, दुसऱ्या फोनवरून चालवता येणारा, कायमचा. मी ते तीनदा वाचलं. दुसरा माणूस मिळाला की रात्री आठनंतर अर्धा तास मी आणि तो नदीच्या काठाने चालणार होतो. तो पुढे जाणार होता आणि मी लिहिणार होते, अरे थांब.

दोर वळण्याचं काम असं की झिपरूला फिरकीवर बसवायचं, पाव तासात फिरकी भरते, भरली की बोट लावून काढायची आणि नवीन लावायची. नाही काढली तर तो उठून नुसता उभा राहतो. वाल्मिक हसायलाच लागला. म्हणाला, "अगं, मी रात्रभर हेच करतो. बॉबिन भरली की काढ, दुसरी लाव. यात आपल्याला कोण हरवणार?"

आणि कंपनीत काम करणाऱ्या माणसाला जे सुचेल तेच त्याला सुचलं. मशीन बंद ठेवायचं नाही. सकाळी आठला मी फोन देते, साडेआठला त्याला मिळतो. रात्री तो द्यायच्या आधीच मला मिळालेला असतो. मधे सकाळचा अर्धा तास जातो, तो गेला तर जाऊ दे. बाकी दिवसरात्र झिपरू चालू. पाव तासाचा अलार्म लावायचा, उठायचं, बोट लावायचं, परत झोपायचं. "रिलीव्हर आपणच, मशीन आपलंच," वाल्मिक म्हणाला. मलाही ते पटलं. दोघांपैकी एकालाही असं वाटलं नाही की याच्यात काही विचित्र आहे.

तो आठवडा आठवला की अजून माझं डोकं दुखतं. पाव तासाची झोप ही झोप नसते. तिसऱ्या दिवशी मी लाल डब्यांना निळी झाकणं लावून पूर्ण खोका भरला. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "मनीषाबेन, घरे सुई ने आवो." झोपूनच ये म्हणे घरून. मी म्हटलं, झोप विकत मिळते का सांगा, आणते. वाल्मिक मशीनवर डुलक्या घेत होता, पप्पूने दोनदा त्याचे तुटलेले धागे जोडले. पण झिपरू यादीत सोळावा होता, मग सातवा, मग तिसरा.

मधे गुरुवार आला, त्याच्या सुट्टीचा. दोघं घरी. मी आल्या आल्या विचारलं, "किती झाले?" तो म्हणाला, "दुसरे आहोत." मग खिचडी टाकली. अलार्म वाजला, त्याने काढली. जेवायला बसलो, अलार्म वाजला, मी उष्ट्या हाताने काढली. मग आधी कोणी झोपायचं यावरून जुंपली. तो म्हणाला, तू झोप, मी बघतो. मी म्हटलं, तू कसला बघतोस, काल सकाळी दोन फिरक्या बुडवल्यास. तो म्हणाला, तू लाल डब्याला निळं झाकण लावतेस आणि मला शिकवतेस का. झाकणाचं मीच त्याला लिहिलं होतं, हसशील म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भिंतीकडे तोंड करून पडले, तो दाराशी फोन धरून बसला. पहाटे मी उठले आणि तो आडवा झाला.

आदल्या रात्री आम्ही दोघं एकाच खोलीत होतो, हे मला दुसऱ्या दिवशी इकोत आठवलं. शीतलने विचारलं, डोळे का लाल. मी म्हटलं, कांदा चिरला. रडूच येत होतं मला, पण आठ बायका होत्या.

शनिवारी रात्री झिपरू पहिला आला. मागच्याला आम्ही एवढं मागे टाकलं होतं की तो दोन दिवस बसून वळला असता तरी पोचला नसता. मी रात्रभर तरीही उठत राहिले, उगाच कशाला धोका. रविवारी सकाळी जत्रा संपली. माझी सुट्टी होती. मी अंघोळ केली, चहा ठेवला आणि जोडीदार घ्यायला गेम उघडला.

गेम उघडलाच नाही. त्या ठिकाणी मेसेज होता, तोडक्यामोडक्या हिंदीत. तुमचं खातं मशीन चालवत असल्याचं आढळलं आहे. कोणताही मनुष्य आठवडाभर इतकं सलग काम करू शकत नाही. खातं बंद करण्यात आलं आहे. खाली एक बटण, मैं मनुष्य हूँ.

मी ते दाबलं. मग जागा आली, कारण लिहा. मी मराठीतच लिहिलं, कारण राग मला हिंदीत येत नाही. लिहिलं की आम्ही मशीन नाही, नवरा-बायको आहोत. तो रात्री असतो, मी दिवसा असते, म्हणून आलटून पालटून बसलो. चोरी केली नाही, झोप मोडून केलंय. आम्हाला तो दुसरा माणूस पाहिजे होता, कारण आमची भेट होत नाही. एवढं कोणाला लिहायचं नसतं, पण लिहिलं.

चहा उकळून सांडायच्या आत उत्तर आलं. खरं सांगितल्याबद्दल आभार. एक खातं दोन मनुष्यांनी वापरणं नियमात बसत नाही. खातं कायमचं बंद.

म्हणजे बघा. एक आहोत असं समजले तर मशीन ठरलो, आणि दोन आहोत म्हटलं तर चोर ठरलो. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून शिव्या घातल्या, अहिराणीत, एकटीनेच. शेजारीण खिडकीतून डोकावून गेली.

नऊच्या सुमारास वाल्मिक आला. चपला काढता काढता म्हणाला, "मिळाला का?" मी फोन पुढे केला. त्याने उभ्यानेच दोन्ही मेसेज वाचले, पहिला दोनदा वाचला. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "हे सुपरवायझरला दाखवतो. कोणताही मनुष्य करू शकत नाही, लिहूनच आलंय."

मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. मी म्हटलं, "झिपरू गेला, वाल्मिक. आजोबांचं नाव होतं."

"आजोबापण असेच गेले," तो म्हणाला. "काम करता करता." मग गादीवर बसला आणि बसल्या बसल्या आडवा झाला. शर्टसुद्धा काढला नाही. मी म्हटलं, चहा तरी घे, पण तो झोपला होता.

त्याच्या खिशातला फोन वाजला. पाव तासाचा अलार्म. त्याने डोळे न उघडता बोट लावलं आणि कूस बदलली. मी हळूच फोन काढून घेतला आणि अलार्म बंद केला. माझ्या फोनवरचाही केला. आज त्याला झोपू द्यायचं, एवढं एक तरी नीट करू म्हटलं. रात्री परत मशीनवर उभं राहायचं होतं त्याला, रिलीव्हर मिळालेला नव्हता. मी गादीच्या कडेला बसून मेथी निवडायला घेतली.

अर्धी जुडी निवडून झाली असेल. कुठेच काही वाजलं नव्हतं, तरी त्याने डोळे उघडले. बोट पुढे केलं, हातात फोन नाही हे त्याला कळलं, मग मी दिसले.

"तू घरी आहेस?" त्याने विचारलं.

"रविवार आहे."

"मग बस इथेच," तो म्हणाला आणि परत झोपला.

मेथी संपली. उठून भाकरीचं पीठ मळायला हवं होतं, धुणं भिजत होतं, पाणी जायची वेळ झाली होती. मी उठले नाही. पाव तासाने तो परत डोळे उघडणार होता.